इसबाच्या औषधचाचणीत मुलीने सहभागी व्हावे का?

प्रश्न सोलापूरच्या एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी २० वर्षांची असून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून तिच्या कोपरांच्या खळगीत आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे. गेल्या तीन वर्षांत तो मान, पापण्या आणि दोन्ही हातांवर पसरला आहे. रात्र-रात्र खाज, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, मलमे अनेक झाली. आता पुण्यातील एका रुग्णालयाने नव्या इंजेक्शनच्या चाचणीत नाव घालणार का, असे विचारले आहे. औषध, तपासण्या आणि प्रवासखर्च त्यांचाच. आईच्या मते अशी संधी पुन्हा येणार नाही. मामांचे म्हणणे आहे, ‘पोरीला प्रयोगाचा उंदीर करू नका.’ वडील विचारतात, ‘आम्ही सही करावी का?’

दुरुस्ती सहीपासूनच करायला हवी. तुमच्या मुलीला १८ पूर्ण झाली आहेत, त्यामुळे संमतीपत्रावर सही तिची लागते आणि तिचीच चालते. तिच्या वतीने तुम्ही, तिच्या आईने किंवा मामांनी केलेल्या होकाराला कायद्यात स्थान नाही. तिने नको म्हटले तर तुमच्या होकाराने काही होत नाही. हे मी तांत्रिक मुद्दा म्हणून सांगत नाही. चार महिने दर रात्री खाजेचा आकडा ती नोंदवणार आहे, रक्त तिचे जाणार आहे आणि नेहमीचे मलम बंद झाल्यावर जागरण तिलाच करायचे आहे. तेव्हा पुढचे सारे उत्तर तुम्ही दोघांनी मिळून वाचावे, अशी विनंती आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षे काम करत आहे आणि त्यातील बराच काळ इसबाच्या चाचण्यांमध्ये संशोधक डॉक्टर म्हणून घालवला आहे. या कामात येणारे बहुतेक कुटुंबीय औषधाविषयी विचारतात: चांगले आहे का, परदेशात देतात का, साइड इफेक्ट काय. हे प्रश्न योग्यच आहेत, पण निर्णय त्यांच्यावर ठरत नाही, कारण औषधाविषयीची शंका फिटलेली असती तर चाचणीच झाली नसती. निर्णय ठरतो तो दोन गोष्टींवर. चाचणीत जाण्यासाठी मुलगी आज काय सोडून देणार आहे आणि अर्ध्या वाटेवर ‘आता बस’ म्हणण्याची मोकळीक तिला खरोखर आहे का.

पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करते. अशा चाचण्यांच्या पात्रतेत एक अट हमखास असते: लावण्याच्या औषधांनी आजार पुरेसा आटोक्यात आलेला नसावा. कागदावर ही अट पूर्ण करणारे निम्मे तरी रुग्ण माझ्या अनुभवात असे निघतात की ज्यांना ते औषध कधी पुरेसे मिळालेलेच नसते. साधा हिशेब करून पाहा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. मोठ्या माणसाच्या एका बाहूला अशा ३ रेघा लागतात, पंजाला १. म्हणजे दोन्ही हातांना मिळून ८ रेघा, ४ ग्रॅम, तेही एका वेळेला. १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपायला हवी. आता मुलीला विचारा की शेवटची ट्यूब किती दिवस पुरली. ‘दोन महिने’ असे उत्तर आले, तर मलमाचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. ते लागलेच नाही, एवढेच म्हणता येईल.

यात रुग्णाचा दोष असतो असे नाही. स्टिरॉइडची भीती घरोघरी आहे आणि तिला कारणही आहे: आपल्याकडे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मिश्र मलमे वर्षानुवर्षे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय विकली गेली. २०१८ मध्ये लावण्याच्या अनेक स्टिरॉइडांवर चिठ्ठीची सक्ती आली, तरी सवय मोडलेली नाही. त्या मिश्र मलमांनी चेहऱ्याची त्वचा पातळ झालेल्या मुली पाहिल्या की घरची माणसे योग्य मलमही नखभर लावू लागतात. त्यातच नायट्यालाही इसब समजून स्टिरॉइड चोळले जाते आणि नायटा अंगभर पसरतो. म्हणून चाचणीचा विचार करण्याआधी एका त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान पक्के करून घ्यावे, योग्य ताकदीचे मलम पुरेशा प्रमाणात दोन-तीन आठवडे लावून पाहावे आणि त्याच्या जोडीला आठवड्याला पाव किलोच्या घरात मॉइश्चरायझर वापरावे. ते महागडेच हवे असे नाही. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांचा गुण सारखाच आढळला. जे अंगाला सोसते आणि रोज लावले जाते, ते चांगले.

हा दाखला देण्याचे आणखी एक कारण आहे. ‘चाचणी’ म्हटले की नवे इंजेक्शन एवढेच डोळ्यांसमोर येते. पण इसबाबद्दलची कितीतरी उपयोगी उत्तरे साध्या गोष्टींच्या चाचण्यांतून आली आहेत. बोअरच्या जड पाण्याने इसब वाढतो का आणि पाणी मृदू करणारे यंत्र बसवावे का, हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांच्या घरांत हे पडताळून पाहिले गेले, निष्कर्ष २०११ मध्ये आला: यंत्र बसवलेल्या घरांतील मुलांना इतरांपेक्षा वेगळा फायदा झाला नाही. ते ३३६ पालक ‘हो’ म्हणाले, म्हणून आज मी तुमचे यंत्राचे पैसे वाचवू शकते. मामांना हे जरूर सांगावे.

मलमांनंतरची पायरी पोटात घेण्याच्या औषधांची आहे, प्रामुख्याने मेथोट्रेक्झेट आणि सायक्लोस्पोरिन. दोन्ही जुनी, तुलनेने स्वस्त आणि नियमित रक्ततपासणीच्या पहाऱ्यात वापरता येण्याजोगी. मुलीला ही कधी दिली गेली होती का, हे तुम्ही कळवलेले नाही. दिली नसतील, तर चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारावे: ‘आमच्या मुलीला आज चाचणीबाहेर तुम्ही काय दिले असते?’ या प्रश्नाला जो डॉक्टर नीट, न चिडता, पर्यायांची नावे घेऊन उत्तर देतो, त्याच्या केंद्रावर मी विश्वास ठेवीन. माहितीपत्रकात उपलब्ध पर्याय लिहिलेले असणे तर नियमानेच आवश्यक आहे.

आता जे सोडावे लागते त्याविषयी. चाचणी सुरू होण्यापूर्वी जुन्या औषधांचा परिणाम शरीरातून उतरू दिला जातो. मलमांसाठी हा काळ साधारण एक-दोन आठवडे, पोटातल्या औषधांसाठी आणि प्रकाशोपचारासाठी चार आठवड्यांच्या आसपास. चाचणीच्या भेटी आणि नोंदी सांभाळणारे कोऑर्डिनेटर याला ‘वॉशआउट’ म्हणतात आणि बोलता बोलता एका वाक्यात उरकतात. रुग्णांच्या दृष्टीने संपूर्ण चाचणीतला सर्वांत कठीण भाग बहुधा हाच असतो. आमच्याकडे एक यंत्रमाग कामगार होता. मलम बंद करून नववी रात्र. खाजेने झोप नाही, सकाळी सातची पाळी. मेव्हण्याने मेडिकलमधून ट्यूब आणून दिली आणि त्याने ती दोन रात्री मानेला लावली. पुढच्या भेटीत दोन्ही हात ओरबाडलेले आणि मान मात्र स्वच्छ, हे कोऑर्डिनेटरच्या लक्षात आले. तो काही बोलेना. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, ‘मॅडम, नाव कापाल म्हणून सांगितलं नाही.’ त्या चाचणीच्या आराखड्यात तपासणी पुन्हा करण्याची मुभा होती, म्हणून त्याला दोन आठवड्यांनी नव्याने सुरुवात करता आली. त्याने लपवलेच असते, तर इंजेक्शनचा गुण मोजण्याच्या पहिल्याच दिवशी आकडा खोटा ठरला असता. तुमच्या मुलीलाही असा क्षण येईल, असे गृहीत धरून आधीच विचारून ठेवावे: सहन झाले नाही तर रात्री कोणाला फोन करायचा आणि कोणते मलम चालेल?

त्यानंतर येतो प्लासिबोचा प्रश्न. तुमच्या मुलीला खरे औषध मिळणार की औषधाविना भरलेले, दिसायला हुबेहूब तसेच इंजेक्शन, हे संगणकाने काढलेल्या चिठ्ठीवर ठरते. तिला ते कळत नाही, मलाही कळत नाही. ओळखीने, शिफारशीने, डॉक्टरांच्या मर्जीने त्यात बदल होत नाही; कोणी ‘तुमच्या मुलीला खरेच औषध मिळेल असे बघतो’ म्हणाला, तर तो थाप मारतो आहे. प्लासिबो लागतो तो इसबाच्या स्वभावामुळे. हा आजार ऋतूप्रमाणे, ताणाप्रमाणे, झोपेप्रमाणे आपोआप चढतो आणि उतरतो. शिवाय माणसे चाचणीकडे वळतात ती आजार सर्वाधिक भडकलेला असताना, म्हणजे काही न करताही काही जण पुढे थोडे सुधारणारच असतात. ड्युपिलुमॅब या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत १६ आठवड्यांनंतर ७५ टक्के किंवा त्याहून जास्त सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण, दर दोन आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांत एका चाचणीत ५१ आणि दुसऱ्या चाचणीत ४४ टक्के होते. प्लासिबो गटात १५ आणि १२ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. औषध खरोखर काम करते, हे त्यांतून दिसते. आणि चांगले औषध मिळूनही जवळपास निम्म्या रुग्णांनी तो टप्पा गाठला नव्हता, हेही दिसते. नव्या इंजेक्शनची जाहिरात करणारा नातेवाईक दुसरा भाग सांगत नाही.

म्हणून माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधून पेन्सिलने खूण करावी. खरे औषध मिळणाऱ्यांचे प्रमाण किती, म्हणजे दोघांत एक की तिघांत दोघे. सोबत साधे स्टिरॉइड मलम लावण्यास परवानगी आहे का. काही चाचण्यांत ते सर्वांना दिले जाते आणि अशी चाचणी रुग्णाला खूपच सुसह्य असते. आणि आजार असह्य भडकल्यास बचावाचे औषध कधी आणि कोणते मिळेल. हे घेतल्यास हिशेबात त्या रुग्णाला ‘गुण आला नाही’ या बाजूला धरले जाते, त्यामुळे एखादा उत्साही कोऑर्डिनेटर ‘अजून चार दिवस काढा ना’ म्हणून पाहतो. मुलीने चार दिवस काढायचे की नाही, हे संशोधनाच्या सोयीवर ठरत नाही. अंगावर अचानक दुखणारे, खळगी पडलेले फोड उठले, ताप आला, तर तो इसबावर झालेला नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्यात पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, चाचणी असो वा नसो.

औषध कोणत्या गटातले आहे, हेही विचारावे. ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शने खाजेच्या साखळीतील ठरावीक दुवा अडवतात. त्यांत डोळे लाल होणे, चुरचुरणे हा त्रास तुलनेने नेहमीचा आहे. ‘जॅक’ गटातील औषधे (दाहाचे संदेश पोचवणारी ‘जॅक’ नावाची प्रथिने रोखणारी) बहुधा गोळ्यांच्या रूपात येतात, खाज काही दिवसांतच उतरवतात, पण प्रतिकारशक्तीवर अधिक रुंद परिणाम करतात; त्यांत मुरुम आणि नागीण आढळते आणि त्यातील काही औषधांवर गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या यांविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आहे. तुम्हाला इंजेक्शन सांगितले आहे, म्हणून ते पहिल्या गटाच्या जवळचे असण्याची शक्यता अधिक. तरी अंदाजावर जाऊ नये. चाचणी कितव्या टप्प्यातील आहे, हेही विचारावे. तिसऱ्या टप्प्यातील औषध शेकडो माणसांना आधीच दिले गेलेले असते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात माहिती तितकी नसते.

पहिल्या भेटीत पात्रतेसाठी बऱ्याच तपासण्या होतात: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, क्षयाच्या सुप्त संसर्गाची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. भारतातील प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात; ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून मुलीला क्षय झाला असे घाबरून जाऊ नये, पण पुढे काय करायचे याचा सल्ला त्यांच्याकडून लेखी घ्यावा. आणि गर्भधारणेची तपासणी होते, दर काही आठवड्यांनी होते. चाचणीच्या काळात गर्भ राहू नये यासाठी कोणते साधन वापरणार, असा प्रश्नही अविवाहित मुलीला विचारला जातो. यात तिच्या चारित्र्यावर संशय नसतो. प्रश्न प्रत्येक स्त्रीला सारखाच विचारावा लागतो. वडील शेजारी बसलेले असताना मुलगी या प्रश्नाला खरे उत्तर देईलच असे नाही, म्हणून मी तरी नातेवाइकांना त्या वेळी बाहेर बसवते. तुम्हाला बाहेर बसवले, तर वाईट वाटून घेऊ नका.

मग आजाराचे मोजमाप. डोके-मान, हात, धड आणि पाय असे शरीराचे चार भाग करून प्रत्येक ठिकाणी लालसरपणा, सूज, ओरखडे आणि त्वचेचा जाडपणा यांना ० ते ३ गुण दिले जातात, व्यापलेल्या जागेचा अंदाज त्यात गुणला जातो आणि एकूण आकडा ० ते ७२ मध्ये बसतो. अनेक चाचण्यांत प्रवेशासाठी तो १६ किंवा अधिक लागतो आणि इसबाने शरीराचा किमान १० टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. बोटांसह आपलाच तळहात म्हणजे साधारण १ टक्का, असे मोजतात. इथे एक गोम आहे. ही मोजपट्टी गोऱ्या कातडीवर घडली. आपल्या सावळ्या त्वचेवर दाह लाल दिसत नाही. तो काळपट, जांभळट, कधी राखाडी दिसतो आणि नवशिक्या डॉक्टर तिथे कमी गुण टाकतो. त्वचा उजेडात धरून, दाबून, बोटाने चाचपून पाहणारा तपासनीस असेल तर आकडा बरोबर येतो. मुलीचा आकडा १५ आला आणि नाव बाद झाले, तर तो तिच्या आजाराचा अपमान समजू नये, आणि १६ व्हावा म्हणून आदल्या दिवशी मुद्दाम औषध टाळून खाजवतही बसू नये. छायाचित्रे घेतली जातील. चेहरा झाकला जाईल का, ती कोठे पाठवली जातील आणि कोण पाहील, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. केवळ छायाचित्रांना नकार देता येतो का, हेही विचारता येते.

संमतीपत्र पाहून बहुतेक घरांत एकदा तरी शांतता पसरते, ती एका ठरावीक रकान्यापाशी: वारसदाराचे नाव आणि नाते. ‘म्हणजे मरायचीही शक्यता आहे?’ एका आईने मला विचारले होते. भारतातील २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी ठरवून दिलेल्या नमुन्यात हा रकाना आहेच, आजार कोणताही असो. त्याच्या शेजारी शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न यांचेही रकाने आहेत. चाचणीमुळे मृत्यू ओढवल्यास भरपाई कोणाला द्यायची, हे आधी लिहून ठेवणे एवढाच त्याचा उद्देश. मला तो रकाना आवडतो. तो नसता, तर जोखीम शून्य आहे असे भासवता आले असते.

भरपाईचे नियम मामांच्या शंकेचे थेट उत्तर आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगते. शंका निराधार नाही; २०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्धच, आणि त्यानंतर नियम बरेच कडक झाले. आज चाचणीदरम्यान इजा झाली, तर उपचार मोफत करावे लागतात, गरज असेपर्यंत किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. संबंध आहे असे ठरल्यास आर्थिक भरपाई वेगळी. तिचे सूत्र नियमांतच दिलेले आहे, ८ लाख ही आधाररक्कम धरून त्यात वय आणि आजाराची जोखीम यांचे गुणक लावले जातात. केवळ औषधाच्या दुष्परिणामालाच भरपाई मिळते असे नाही. आराखडा मोडल्याने, निष्काळजीपणाने, किंवा आराखड्यात कबूल केलेले बचावाचे औषध न दिल्याने झालेली इजाही त्यात येते. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यासारखी गंभीर घटना घडल्यास संशोधक डॉक्टरने ती कळल्यापासून २४ तासांत केंद्रीय औषध नियामक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि चाचणीला मंजुरी देणारी व सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणारी नैतिकता समिती यांना कळवायची असते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक कायद्याची जाणकार व्यक्ती आणि एक वैद्यकाशी संबंध नसलेली सामान्य व्यक्ती असावीच लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. समितीच्या सचिवांचा दूरध्वनी माहितीपत्रकावर छापलेला असतो. डॉक्टरांविषयीच तक्रार असेल, तर तो त्यासाठीच आहे.

चाचणी खरी आहे का, हे घरबसल्या पाहता येते. भारतातील चिकित्सालयीन चाचण्यांची नोंदवही २००७ पासून चालू आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि तिचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा, वर्ष आणि महिना असलेला क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा आणि त्या नोंदीत पुण्याच्या त्या रुग्णालयाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि नैतिकता समितीची मंजुरी आहे का ते पाहावे. क्रमांक देण्यात टाळाटाळ झाली, किंवा नोंदणी शुल्क, अनामत, ‘आधी तपासण्यांचे भरा, नंतर परत देऊ’ असे काही निघाले, तर उठून घरी यावे.

आता दुसरी गोष्ट, अर्ध्या वाटेवर थांबण्याची मोकळीक. नियमाने ती पूर्ण आहे: कारण न देता, केव्हाही, नेहमीच्या उपचारांवर परिणाम न होता. व्यवहारात मात्र तिला घरातूनच बांध पडतो. ‘एवढे मोफत मिळतेय, डॉक्टर काय म्हणतील’, ‘आठ खेपा झाल्या, आता दोनच राहिल्या’ असे आईवडीलच म्हणतात. मुलीला नेहमीच्या उपचारासाठी त्याच डॉक्टरांवर अवलंबून राहावे लागत असेल, तर नकार आणखी जड जातो. तसे असल्यास सोलापुरात तिचा एक स्वतंत्र त्वचारोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवावा. थांबायचे ठरले, तर शेवटची सुरक्षातपासणी मात्र करून यावी, ती तिच्याच हिताची असते.

आणि संपल्यानंतर काय, हे सुरुवातीलाच विचारावे, कारण सर्वांत मोठा अपेक्षाभंग मी तिथे पाहिला आहे. सोळा आठवड्यांत त्वचा निवळते, मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे सोडते, आणि मग औषध बंद होते. काही चाचण्यांत पुढे सर्वांना खरे औषध देणारा वाढीव टप्पा असतो, काहींत नसतो. चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती ज्या आजारावर दुसरा उपचारच उपलब्ध नाही अशा परिस्थितीसाठी. इसबावर इतर उपचार आहेत, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये. ड्युपिलुमॅब भारतात मिळते, परंतु किंमत सामान्य घराच्या आवाक्यातली नाही. तेव्हा ‘सतराव्या आठवड्यात माझ्यावर काय उपचार होतील’ याचे उत्तर लेखी असावे.

माझे मत विचाराल तर असे: मुलीने योग्य मलम पुरेसे लावून पाहिले असेल, पोटातील औषधे देऊन झाली असतील किंवा तिला ती चालत नसतील, चाचणी तिसऱ्या टप्प्यातील असेल आणि सोबत मलमाला मुभा असेल, तर ‘हो’ म्हणण्यात मला अडचण वाटत नाही. यातील पहिली अट पूर्ण नसेल, तर तीन महिने थांबावे. तेवढ्याने आजार आटोक्यात आला, तर चाचणीची गरजच उरणार नाही.

शेवटी वेळापत्रक. दर दोन आठवड्यांनी सोलापूर ते पुणे, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत, म्हणजे प्रत्येक खेपेला कॉलेजचा एक पूर्ण दिवस. भेटीच्या तारखा फार तर दोन-तीन दिवस मागेपुढे सरकतात. विद्यापीठाची परीक्षा मध्ये येत असेल, तर ते आजच सांगावे. एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात घामाने तिची खाज वाढत असेल, तर मलम बंद ठेवण्याचे ते दोन आठवडे त्या दिवसांत पडू देऊ नयेत. जूननंतर नोंदणी चालू राहणार आहे का, हे विचारावे. पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या अर्धवट ट्यूबा, गोळ्यांची पाकिटे, वैद्यांकडचे मलम आणि काढ्याची बाटलीसुद्धा पिशवीत घालून न्यावी, कारण ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते. सही त्या दिवशी करू नये. माहितीपत्रक मराठीत मागून घ्यावे, मुलीने ते घरी दोनदा वाचावे, शंका वहीत लिहाव्यात आणि पुढच्या खेपेला त्या वहीसह जावे. सही केल्यावर पत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय परतीच्या गाडीला निघू नये.